सीनेच्या वाळूतलं कथील

जगातल्या यच्चयावत नद्या परमेश्वराने केवळ कथील वाहून आणण्यासाठी निर्माण केल्या आहेत, आणि शेताला, गुरांना, माणसांना पाणी पुरवणं ही त्यांची फावल्या वेळातली कामं आहेत, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. तो परंड्याच्या एस.टी. स्टँडजवळ एका लिंबाखाली बसून भांड्यांना कल्हई करत असे. त्याच्या या समजुतीला निम्म्याहून जास्त मीच जबाबदार होतो. ती जबाबदारी आता या वयात मान्य करून टाकावी, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही चाचाच म्हणत आलो. उंची बेताची, दाढी पांढरी पण नवसागराच्या धुराने कडेकडेने पिवळट झालेली, आणि दहाही बोटांची नखं काळी. समोर जमिनीत भट्टीचा खड्डा, आणि त्यापलीकडे भाता ओढत बसलेल्या चाची. दोघांत दिवसभर बोलणं असं नसायचंच. चाचांनी भुवई वर केली की भाता जोरात चालायचा, भुवई खाली आली की सावकाश. भांडं तापून लाल व्हायला आलं की चाचा त्यात नवसागराची चिमूट टाकत, कथलाची कांडी एकदा टेकवत आणि कापसाच्या बोळ्याने गर्रकन हात फिरवत. पांढरा धूर उठायचा, आणि तो विरेपर्यंत पितळेच्या पोटात चांदी पसरलेली असायची. स्टँडवरचे उतारू हे बघायला थांबत आणि काहींच्या गाड्याही चुकत. त्याचा दोष चाचा एस.टी.ला देत.

कोणाच्याही घरी गेले की चाचा माणसांची विचारपूस नंतर करत, आधी चुलीवरच्या पातेल्यात डोकावत. हॉटेलात चहा मागवला तर तो ज्या भांड्यात उकळला ते भांडं समोर आणवून उलटंपालटं करून बघत, मगच बशी तोंडाला लावत. एका लग्नात पंगत बसायच्या बेतात असताना त्यांनी आमटीच्या डेगीत मान घातली आणि आचाऱ्याला विचारलं, "चिंच घातली का?" आचारी म्हणाला, "घातली की." चाचा म्हणाले, "हिची कल्हई कवाच गेलीया. आमटी कळकली. पंगत हितं बसवू नगा, दवाखान्यापुढं बसवा." वरपक्ष तापला, बराच आरडाओरडा झाला, पण शेवटी आमटी ओतून द्यावी लागली आणि वऱ्हाडाने भातावर गूळ घेऊन जेवण उरकलं. पुढे कित्येक वर्षं ते जोडपं चाचांना बोल लावत असे. चाचा एवढंच म्हणत, "बोल लावायला जित्ते हायत न्हवं?"

मी मूळचा भूम तालुक्यातल्या ईटचा. छप्पन्न साली दीक्षा घेतलेलं आमचं घर, आणि त्या घरातला मी पहिला पदवीधर. पदवी मात्र दगडांची. मला पगार मिळतो तो दगड ओळखायचा, हे वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. दगड तर काय कोणीही ओळखतं, असं त्यांचं म्हणणं. बहात्तरच्या त्या मोठ्या दुष्काळात भूजल खात्याने मला परंड्याला नेमलं. कुठे विहीर खणली तर पाणी लागेल ते सांगायचं, हे माझं काम. माझ्या वयाच्या पोराच्या शब्दावर अख्खं गाव कुदळ मारायला लागे, आणि पाणी लागलं नाही की मी पुढच्या गावाला जाई.

आमच्या घरात पितळेचं भांडं एकच होतं, आईचं एक मध्यम आकाराचं पातेलं. ईटला कल्हईवाला फिरत यायचा, पण आमच्या वस्तीची भांडी तो सगळ्यांत शेवटी घ्यायचा, आणि बहुतेक वेळा तोवर त्याचा दिवस संपायचा. म्हणून आईने ते पातेलं माझ्या वळकटीत बांधून दिलं. मी ते चाचांच्या रांगेत ठेवलं. माझ्या मागे आलेल्या एका गृहस्थाने माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि मग आपली परात माझ्या पातेल्यापुढे सरकवली. चाचांनी सांडशीने ती परात उचलली आणि पुन्हा जागच्या जागी ठेवली. "भांडं आलं तसं बसंल," ते म्हणाले. "घाई आसंल तर उचला." गृहस्थांनी परात उचलली आणि निघून गेले. चाचांनी तिकडे पाहिलंही नाही, माझ्या आईचं पातेलं भट्टीवर चढवलं. त्या दिवसापासून मी चाचांचा झालो. दुपारची भाकरी मी त्याच लिंबाखाली सोडू लागलो.

चाचांची सगळ्यांत विचित्र सवय मी तिथेच पाहिली. कथलाची नवी कांडी हातात आली की ते ती कानाशी धरून हळूच वाकवत. डोळे मिटलेले, चेहरा गंभीर. शुद्ध कथील वाकवलं की आतून बारीक करकर असा आवाज येतो. चाचा त्याला रडणं म्हणत. शिसं मिसळलेलं असेल तर आवाज येत नाही. आणि शिसं पोटात गेलं तर माणसाला हळूहळू खातं, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. न रडणारी कांडी चाचा भांड्याला लावत नसत.

कथील तेव्हा परदेशातून यायचं आणि दुष्काळात तर दिसेनासं झालं. तालुक्यातल्या कारागिरांची एक सहकारी सोसायटी होती, तिच्यामार्फत कल्हईवाल्यांना थोड्या कांड्या मिळत. त्या उन्हाळ्यात एकदाच वाटप झालं आणि मी चाचांबरोबर गेलो होतो. चेअरमन टेबलामागे, भिंतीला सभासदांची रांग. चाचांनी कांडी घेतली, कानाशी नेली आणि वाकवली. चाचांनी दुसरी घेतली, मग तिसरी.

"काय झालं, चाचा?" चेअरमन म्हणाले.

"रडत न्हाय."

"रडायला काय ते लेकरू हाय का?"

"लेकरू रडलं की जित्तं हाय कळतं, चेअरमनसाब," चाचा म्हणाले. "हे मुकं हाय. यात शिसं हाय."

ते शिसं कोणी, कुठे मिसळलं, ते कधीच कळलं नाही. चेअरमन बिचारे स्वतः सुतार, त्यांना कथलातलं काय कळणार! इतरांनी आपापल्या कांड्या नेल्या. चाचांनी आपल्या वाट्याच्या टेबलावर ठेवल्या, चेअरमनना सलाम केला आणि रिकाम्या हाताने लिंबाखाली येऊन बसले. त्या दिवसापासून भट्टी थंड झाली. पेठेतला दुसरा कल्हईवाला त्या मुक्या कांड्यांनी भांडी उजळत होता, त्याची कल्हई चाचांच्या कल्हईइतकीच चकाकत होती, आणि गिऱ्हाइकं तिकडे वळली. चाची सडकेच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या.

अशाच एका दुपारी चाचांनी मला विचारलं, "दगडवाले, तुमी दगडाचं शिकलेलं. हे कथील येतं कुठून?"

इतकी वर्षं शिकलेलं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मला फार आनंद झाला आणि मी सांगत सुटलो. कथील जन्मतं खोल जमिनीत, ग्रॅनाइट नावाच्या खडकाच्या भेगांमध्ये. लाखो वर्षांनी तो खडक उघडा पडतो आणि उन्हापावसात झिजतो. त्यातलं मऊ असतं ते सडून चिखल होतं, हलकं असतं ते वाळू होऊन वाहून जातं. कथलाचा काळा दगड मात्र सडत नाही, विरघळत नाही, आणि वाळूच्या अडीचपट जड असतो. त्यामुळे नदी त्याला फार लांब नेऊ शकत नाही. वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या धोंड्याच्या आड, तळच्या कातळातल्या खळग्यात, जिथे पाण्याचा जोर कमी पडतो तिथे ती त्याला खाली टाकते. मग वर गाळ बसतो, त्यावर आणखी गाळ बसतो, दाबून दाबून त्या वाळूचाच खडक होतो आणि त्याच्या पोटात काळ्या दाण्यांचा थर राहतो. लोक तो थर खणून काढतात.

चाचांनी थंड भट्टीतली राख काडीने उकरली. मग म्हणाले, "म्हंजे नदी पाखडती. फोल पुढं जातं, दाणं सुपात ऱ्हातं."

माझ्या प्राध्यापकांनी चार तास घेऊन जे सांगितलं ते चाचांनी एका ओळीत बसवलं होतं. मी खूश होऊन म्हणालो, "अगदी बरोबर! पण चाचा, आपल्याकडे..." आणि तेवढ्यात कुर्डूवाडीची गाडी लागली. मला त्याच गाडीने जायचं होतं. पिशवी उचलून मी पळालो. आपल्याकडचा सगळा काळा कातळ ज्वालामुखीच्या रसाचा, त्यात कथील नसतं, हे माझं उरलेलं वाक्य गाडीबरोबर कुर्डूवाडीला गेलं.

पंधरवड्याने परत आलो तेव्हा लिंबाखाली कोणी नव्हतं. चाचा सीनेच्या कोरड्या पात्रात सापडले. धोतर खोचलेलं, हातात घरातली पितळी परात, डोक्याला पंचा. माझ्या सांगण्याबरहुकूम त्यांनी वळणाची आतली अंगं आणि धोंड्यांच्या आडोशाच्या जागा निवडल्या होत्या आणि तिथे पुरुषभर खोल खड्डे घेतले होते. खड्ड्यातली वाळू परातीत घेऊन ते थोडक्या पाण्यात घोळत, हलकी वाळू कडेने जाऊ देत, आणि तळाशी राहिलेली काळी रेघ बोटाने पुसून तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकत. तो हात असा सफाईने फिरत होता की मी पाहतच राहिलो.

त्यात एक गंमत झाली होती. जड दाणे बसतात तिथे भरड वाळू आणि गोटेही असतात, आणि भरड वाळूत पाणी टिकून राहतं. चाचांच्या तीन खड्ड्यांना पाणी लागलं. गावच्या बायका कळशा घेऊन आल्या, चाचांनी त्यांना तो झिरा देऊन टाकला आणि दहा पावलांवर नवा खड्डा घेतला. त्याही खड्ड्याला पाणी लागलं की चाचा वैतागत. "पानीच लागतंय सारखं!" असं कुरकुरणारा त्या दुष्काळात अख्ख्या मराठवाड्यात तो एकच माणूस असेल. त्याच महिन्यात खात्याने मी दाखवलेल्या दोन जागी विहिरी खणल्या होत्या आणि दोन्ही ठणठणीत कोरड्या गेल्या होत्या. बायका मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "सरकारनं चाचालाच नोकरीवर घ्यावं बया."

मी हसलो, पण त्या डब्यांत हात घातला आणि माझं हसू गेलं. ती आपल्या काळ्या दगडातून झिजून आलेली लोखंडाची कणी होती. माझ्या पिशवीत लोहचुंबक होता. तो बाहेर काढावा आणि एका मिनिटात सांगून टाकावं, एवढंच करायचं होतं. चाचा म्हणाले, "चार डबे झाले, दगडवाले. आणखी धा झाले की भट्टीत घालतो. मग सोसायटी नगं, परदेश नगं." मी चुंबक पिशवीतच ठेवला. आज सांगू, उद्या सांगू, असं करत मी जवळपास दोन महिने काढले. दर खेपेला डबे वाढलेले दिसत आणि दर खेपेला मी नदीकाठी बसून त्यांना दगडांच्याच गोष्टी सांगत राही. याची मला आजही शरम वाटते.

शेवटी चाचीच माझ्या खोलीवर आल्या. तोवर त्या माझ्याशी फारशा बोलल्या नव्हत्या. खडी फोडून त्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. दारातच उभ्या राहून त्या म्हणाल्या, "सायेब, खडी फोडायचं मला दुःख न्हाय. पर ह्यो माणूस उन्हानं मरंल. त्या वाळूत कथील आसंल तर आसंल म्हना, नसंल तर न्हाय म्हना. तुमी सांगितल्याबिगर ते उठायचे न्हायत."

मी त्यांच्याबरोबरच नदीवर गेलो. डब्यातली मूठभर काळी वाळू कागदावर पसरली आणि वर चुंबक धरला. सगळी वाळू उठून त्याला चिकटली. कागद जवळजवळ कोरा झाला. मी म्हणालो, "चाचा, हे लोखंड आहे. कथील चुंबकाला लागत नाही. आपल्याकडच्या दगडात कथील नसतंच. त्या दिवशी माझं हे सांगायचं राहिलं, आणि पुढे सांगायची हिंमत झाली नाही."

चाचांनी चुंबक हातात घेतला, दुसऱ्या डब्यात बुडवून पाहिला, मग तिसऱ्या. सोसायटीत कांड्या वाकवून पाहिल्या होत्या तसेच ते सगळे डबे तपासत गेले. शेवटी चुंबक पुसून मला परत दिला.

"अर्धं सांगू नये, दगडवाले," ते म्हणाले. "अर्ध्यानं माणूस लई लांब जातो."

मी चुंबक पिशवीत ठेवला. मग त्यांनीच विचारलं, "पर नदी पाखडती हे खरं न्हवं?"

"ते खरं आहे."

"मग नदी चुकली न्हाय. गाव चुकलं," ते म्हणाले आणि उठले. आम्ही तिघांनी मिळून ते सगळे डबे पात्रात रिकामे केले. वाळू वाऱ्यावर उडू नये म्हणून चाचा खाली बसून ओतत होते. परतताना त्यांनी माझ्याकडून एकच कबूल करून घेतलं. जिथे नदीत खरंच कथील असेल तिथे मी कधी गेलो, तर त्यातली एक मूठ त्यांना आणून द्यायची.

दुष्काळ सरला, कथील पुन्हा थोडंफार मिळू लागलं, चाचांची भट्टी पेटली. माझी बदली झाली, आणि एकापाठोपाठ होत राहिली. मध्ये तेरा-चौदा वर्षं गेली. मग खात्याच्या कामाने मी बस्तरच्या बाजूला गेलो. तिथल्या ओढ्यांत कथलाचा दगड सापडतो हे एव्हाना आम्हा दगडवाल्यांना ठाऊक झालं होतं. एका ओढ्यात बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून लाकडी ताटांमध्ये वाळू घोळत होत्या. तोच हात, तीच परात फिरवायची तऱ्हा. मी काठावर उभा होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथे माझा एक जुना सहाध्यायी होता, त्याने नमुना म्हणून मूठभर काळे दाणे रुमालात बांधून दिले.

ईटला जाऊन मी आईचं पातेलं घेतलं. ते आतून काळवंडलं होतं, आई ते वापरत नव्हती, पण दुसऱ्या कोणाकडे कल्हईला द्यायलाही तयार नव्हती. परंड्याला पोचलो तर लिंब तिथेच होता, खाली चाचाही होते, पण भांडी नव्हती. घरोघर स्टील आलं होतं. चाचा आता स्टोव्हच्या पिना आणि वाती विकत बसले होते. त्यांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं, जे काही सांगायचं ते चाची कानाशी तोंड नेऊन सांगत. मी रुमाल सोडला. चाचांनी दाण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पहिला शब्द काढला तो असा, "चुंबक."

मी चुंबक धरला. एकही दाणा हलला नाही.

मग त्यांना जे बळ आलं ते पाहण्यासारखं होतं. चाचींनी माळ्यावरून भाता काढला. सोनाराकडून एक लहान मूस आणली. दाणे स्वच्छच होते, तरी चाचांनी ते परातीत घालून पाखडून घेतले. कोळशाची भुकटी मिसळून मूस भट्टीत बसवली, आणि चाची भाता ओढू लागल्या. दोघांच्या भुवया आणि भाता पहिल्यासारखेच चालले होते. फार वेळ लागला. दुपार कलली तेव्हा चाचांनी सांडशीने मूस उचलली आणि वाळूत बोटाने पाडलेल्या रेघेत कलती केली. पांढरी, चकाकती अशी एक कांडी तयार झाली. काडेपेटीतल्या काडीहून थोडी लांब, इतकीच.

ती निवल्यावर चाचांनी सवयीने कानाशी नेली आणि थांबले. आपल्याला ऐकू येणार नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी ती कांडी माझ्या कानाशी धरली. तेवढ्यात स्टँडवर कुर्डूवाडीची गाडी सुरू झाली. चाचींनी हात वर करून चाचांना थांबवलं. गाडी वळली, फाट्याकडे गेली, आवाज विरला. मग चाचींनी हात खाली केला आणि चाचांनी कांडी वाकवली.

"रडलं का?"

"रडलं, चाचा." मी मोठ्याने म्हणालो.

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. "ह्या टायमाला पुरं सांगताय न्हवं?"

"पुरं सांगतोय."

चाचांनी चाचींकडे पाहिलं. चाचींनी मान हलवली, त्यांनाही ऐकू गेलं होतं. मग चाचांनी आईचं पातेलं भट्टीवर चढवलं आणि ती सगळी कांडी त्याच्या पोटात फिरवून संपवली.

चाचा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, त्यांच्यामागे चाचीही गेल्या. पातेलं माझ्याकडे आहे. त्याची कल्हई कडेने गेली आहे, तळाशी तेवढी थोडी उरली आहे. घरातले म्हणतात, एकदा चिंच लावून लख्ख करून घेऊ. मी ते कोणाला घासू देत नाही, मऊ फडक्याने स्वतःच पुसतो.